जुन्या कॉम्प्युटरची रॅम घ्यायची तर आधी चिप मोजा

आईच्या बचत गटाचा सगळा हिशेब ज्या कॉम्प्युटरवर आहे, तो कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा. त्याच्या मदरबोर्डवर रॅम सांभाळणारा चिपसेट, म्हणजे मुख्य चिप, जी४१. २ जीबी रॅमवर एक्सेलची फाइल आणि ब्राउझर एकत्र उघडले की माउससुद्धा अडखळायचा. मी ४ जीबीची डीडीआर३ (डीडीआर२च्या पुढच्या पिढीची) रॅमची पट्टी आणली. खाच जुळली, दोन्ही बाजूच्या क्लिपा खट्कन बसल्या, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली. जुनी पट्टी परत लावली की लगेच सुरू. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेलाय, नवीन घ्या. बोर्डाला काहीही झालं नव्हतं.

त्या पट्टीवर आठच काळ्या चिप होत्या. ४ जीबी आठांत वाटले की एकेक चिप ५१२ एमबीची, म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) ४ गिगाबिटची होते. जी४१ला २ गिगाबिटच्या पुढची चिप ओळखता येत नाही. तेच ४ जीबी सोळा चिपवर, दोन्ही बाजूंना आठ-आठ असे असतील, तर प्रत्येकीवर २ गिगाबिटच येतात आणि पट्टी चालते. दुकानात लेबलवर ‘२आरएक्स८’ आहे का बघा. ‘१आरएक्स८’ असेल तर ती आठ चिपची, या बोर्डासाठी घेऊ नका. तरी नुसत्या लेबलवर विसंबू नका, पट्टी उलटून स्वतः मोजा. मी बदलून सोळा चिपची आणली आणि पहिल्याच बटणाला कॉम्प्युटर उठला.

खरेदीला निघण्याआधी सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम चालवा. त्याच्या ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल मिळेल, ‘एसपीडी’मध्ये आत्ताची पट्टी डीडीआर२ की डीडीआर३ ते कळेल. जी४१चे बोर्ड दोन्ही प्रकारांत आले, त्यामुळे अंदाजाने जाऊ नका. दोन्हींना पिना २४०च, पण खाचेची जागा वेगळी. बसत नसेल तर जोर लावू नका. मॉडेलच्या नावाने पुस्तिका शोधून कमाल किती रॅम चालते तेही बघा.

वेगाची काळजी करू नका. लेबलवर १६०० वेग लिहिलेली डीडीआर३ पट्टी जुन्या बोर्डावर कमी वेगाने चालते. लॅपटॉपचं मात्र नीट बघा. ज्याला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, तो १.५ व्होल्टच्या साध्या पट्टीवर सुरू होत नाही. लेबलवर ‘पीसी३एल’ हवं.

स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम घेऊ नका. स्लॉटमध्ये नीट बसते, म्हणूनच माणूस फसतो. घरगुती बोर्डावर ती चालत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढचे पैसे वाया जातात.

बसवताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि पट्टी कडेने धरा. सोनेरी पिना काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका.

सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी बदलून घ्या. हिशेबाची फाइल गुपचूप बिघडण्यापेक्षा दुकानात आणखी एक खेप परवडते. आईच्या कॉम्प्युटरवर सकाळपर्यंत चूक शून्य होती, तेव्हाच मी गटाची फाइल उघडली.