वाकलेली लोअर लिंक लेथवाल्याकडे नेताना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे नांगरटीची घाई असते, आणि लोअर लिंका, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायचे खालचे दोन दांडे, वाकतात त्याही तेव्हाच. यावल-रावेरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, मातीत दगड दडलेला असतो हे खरं. पण निम्म्या वेळा चूक आपलीच. नांगर न उचलताच बांधावर वळण घेतलं, की लिंक गेलीच.

पहिलं काम म्हणजे घण लांब ठेवा. मी एकदा भात्यावर लिंक लालबुंद करून सरळ करून घेतली आणि घाईत वर पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी काडकन मोडली. तापलेलं पोलाद एकदम गार झालं की कडक होतं, पण ठिसूळही होतं.

मग चीर तपासा. लिंक घासून स्वच्छ करा, वाकलेल्या जागी रॉकेल लावा, अर्ध्या तासाने कोरडी पुसून वर खडू घासा. रॉकेल मिळेना झालंय, डिझेलही चालतं. चीर असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की ती लिंक भंगारात. वरून वेल्डिंग मारून द्यायला लोक तयार असतात, घेऊ नका.

टाय रॉड, ड्रॅग लिंक, पुढच्या चाकाचा स्टब वाकला असेल तर दुरुस्ती नाहीच, नवाच घाला. स्टेअरिंगशी खेळ नको. पीटीओ शाफ्टचंही, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचंही, तेच. मिनिटाला 540 फेरे फिरणारी वस्तू जराशी वाकडी असली तरी बेअरिंग खाते.

लेथवाल्याकडे जाताना दुसऱ्या बाजूची चांगली लिंकही सोबत न्या. लोक नेमकं हेच विसरतात. बऱ्याच लिंकांना मुळातच थोडा बाक दिलेला असतो. कारागिराने ती ओळंब्यासारखी सरळ केली, तर लिंक बिघडलीच म्हणायची. काढण्याआधी डावी-उजवी खूण करा आणि लिफ्ट रॉडचे (लिंक वर उचलणाऱ्या दांड्याचे) किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा.

हायड्रॉलिक प्रेस असलेलंच दुकान बघा. लिंक दोन ठोकळ्यांवर ठेवून थंडच दाबायची, हळूहळू. दाब सोडला की लोखंड थोडं मागे येतं, म्हणून कारागीर मापापेक्षा किंचित पुढे दाबतो, सोडतो, जोडीदार लिंकेशी ताडून बघतो, पुन्हा दाबतो. चार-पाच वेळा तरी. नुसता बाक लवकर निघतो, पीळ पडला असेल तर वेळ लागतो. शेवटी दोन्ही लिंकांच्या टोकांच्या बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायला लावा, आणि पिन घालून बघा. 22 किंवा 28 मिलिमीटरची, तुमच्या नांगराला लागते ती. पिन हाताने सरकली पाहिजे, हातोडीने नाही.

घरी लिंका बसवा, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून त्या रिकाम्याच उचला. दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर नसतील, तर लिफ्ट रॉडने जुळवा. नांगराची पहिली तास उथळ घ्या आणि ती संपताच उतरून एकदा सरळ केलेल्या जागी बोट फिरवून बघा.