घरातले मोठे प्रवाळ मत्स्यालय उभारताना या चुका टाळा

प्रवाळ मत्स्यालयात बिघाड दिसतो तेव्हा त्याचे कारण बहुधा कित्येक महिने जुने झालेले असते. सातव्या महिन्यात प्रवाळांच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या की मालक दिव्याकडे संशयाने पाहतो, मिठाचा प्रकार बदलतो आणि बाटलीतले एखादे नवे द्रावण घेऊन येतो. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारे उपकरण) चुकीचा जुळवल्यामुळे पाणी सुरुवातीपासून कमी खारे राहिलेले असू शकते. म्हणून या लेखात उपायांपेक्षा नियोजनातील चुकांना अधिक जागा दिली आहे. उदाहरणासाठी १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी एकच टाकी सर्वत्र धरली आहे. तिची क्षमता ६४८ लिटर असली, तरी खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून आणि खालच्या सम्पमधले (कपाटातल्या दुय्यम टाकीतले) पाणी मिळवून एकूण पाणी सुमारे ७०० लिटर धरता येते.

वजन आणि हाताची पोच

या टाकीतले पाणी, पंधरा मिलिमीटर जाडीच्या काचेचे जवळजवळ दीडशे किलो, खडक, वाळू, स्टँड आणि भरलेला सम्प यांची बेरीज एक टनाच्या आसपास जाते, आणि हे सगळे ओझे जेमतेम एक चौरस मीटर जागेवर येते. निवासी इमारतींच्या मजल्यांची रचना साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून केलेली असते. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे दोहोंची थेट तुलना करणे योग्य नाही; तरीही तळमजल्यावर नसलेल्या कोणत्याही घरात टाकीची ऑर्डर देण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून जागा तपासून घ्यावी. भार पेलणाऱ्या भिंतीला लागून आणि तुळयांना आडवी ठेवलेली टाकी खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या टाकीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.

दुसरी चूक उंचीची आहे. पाऊण मीटर उंचीची टाकी दिवाणखान्यात भव्य दिसते, परंतु तिच्या तळाशी पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलण्यासाठी माणसाला खांद्यापर्यंत पाण्यात वाकावे लागते आणि तरीही हात पोचत नाही. साठ सेंटिमीटर ही व्यवहार्य मर्यादा समजावी आणि अधिक पाणी हवे असल्यास ते रुंदीत मिळवावे. रुंद टाकीत खडक मागच्या काचेपासून दहा-पंधरा सेंटिमीटर दूर ठेवता येतात, त्यामुळे मागे घाण साचत नाही.

वीज गेल्यावर पाणी कुठे जाणार?

सम्पचा आकार कपाटात मावेल तसा निवडला जातो, आणि जमिनीवर पाणी सांडण्याच्या बहुतेक घटनांचे मूळ इथेच असते. रिटर्न पंप (सम्पमधले पाणी परत वर चढवणारा) थांबला की मुख्य टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचे पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) दातांच्या पातळीपर्यंत खाली उतरते. आपल्या उदाहरणात पातळी केवळ अडीच सेंटिमीटरने उतरली तरी २७ लिटर पाणी सम्पमध्ये येते, शिवाय नळ्यांमधले पाणी वेगळेच. रिटर्नच्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटर ठेवले असेल, तर सायफन होऊन १०८ लिटर पाणी परत येईल. म्हणून ते तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावे. सायफन तोडण्यासाठी नळीला पाडलेले छिद्र शेवाळाने बुजते आणि उलटा प्रवाह रोखणारी झडप चुन्याच्या थरामुळे किंवा एखाद्या गोगलगाईमुळे उघडी राहते; या दोन्ही सोयी असाव्यात, पण सम्पचा हिशेब त्या नाहीत असे समजूनच करावा.

पहिली चाचणी साध्या पाण्याने घ्यावी. सम्प कामकाजाच्या कमाल रेषेपर्यंत भरून पंप बंद करावा, पाणी स्थिरावू द्यावे, पुन्हा सुरू करावा आणि हा प्रयोग निदान पाच वेळा करावा. त्यानंतर मुख्य निचऱ्याची नळी मुद्दाम कापडाने बंद करून आपत्कालीन नळी एकटी सगळा प्रवाह पेलते का, हे पाहावे. पाहुण्यांसमोर टाकी लवकर सजवण्याच्या घाईत ही चाचणी हमखास गाळली जाते.

सम्पमधून ताशी टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरले की पुरे होते. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीत बसवलेल्या वेव्हमेकर पंपांनी द्यावा. त्यासाठी रिटर्न पंप अवाढव्य घेतल्यास आवाज, उष्णता आणि विजेचे बिल यांतच भर पडते.

प्रत्येक उपकरण एक दिवस अडकणार आहे

उपकरण विकत घेताना ते उत्तम चालल्यावर काय करील याची चौकशी सगळेच करतात. ते सुरू अवस्थेत अडकले तर किंवा बंद पडले तर काय होईल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माझ्या मते संपूर्ण नियोजनाचा कणा हाच प्रश्न आहे.

हीटरचे उदाहरण पाहा. ६०० वॉटचा एकच हीटर सुरू राहून अडकला, तर ७०० लिटर पाण्याचे तापमान, बाहेर जाणारी उष्णता सोडून दिल्यास, तासाला सुमारे ०.८ अंश सेल्सिअसने चढते. म्हणजे रात्रीच्या आठ तासांत सहा अंशांहून अधिक. सकाळी उठून पाहावे तो प्रवाळ गेलेले असतात. त्याऐवजी ३०० वॉटचे दोन हीटर बसवल्यास एक अडकला तरी चढण निम्म्यावर येते आणि एक बंद पडला तरी दुसरा टाकी काही काळ सांभाळतो. दोन्ही हीटर स्वतंत्र तापमान नियंत्रकावर असावेत आणि तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान स्थिर राहावे.

बाष्पीभवनाने उडालेले पाणी भरून काढणारे स्वयंचलित यंत्र यापेक्षाही दगाबाज असते. पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून ही भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्यानेच करायची असते. खारे पाणी भरत राहणारे लोक महिन्याभरात लवणता धोक्याच्या पातळीवर नेऊन ठेवतात. मात्र हे यंत्र सुरू राहून अडकल्यास उलटे संकट येते. माझ्याकडे एकदा एक गोगलगाय फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीनुसार तरंगून यंत्र चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चढून बसली होती आणि तिच्या वजनाने स्विच खालीच राहिला. भरपाईच्या पिंपात चाळीसच लिटर पाणी असल्याने लवणता दर हजारी ३५ वरून ३३ पर्यंत उतरली आणि प्रकरण तिथेच थांबले. ते यंत्र पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संचाच्या नळाला थेट जोडलेले असते, तर पाणी येतच राहिले असते. साठा मर्यादित ठेवणे आणि एका फ्लोटवर दुसरा सुरक्षा फ्लोट बसवणे, हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेटांच्या प्रमाणाची) द्रावणे देणाऱ्या डोसिंग पंपालाही हाच नियम लागू होतो: सगळी बाटली एका रात्रीत रिकामी झाली तरी टाकी वाचेल एवढेच द्रावण भरावे.

विजेच्या जोडण्यांबाबत दोनच गोष्टी, पण त्या अनिवार्य आहेत. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या टोकावरून खाली गळते. आणि संपूर्ण व्यवस्था ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) असावी. वीज दीर्घकाळ गेल्यास मासे थंडीपेक्षा आधी प्राणवायूच्या अभावाने मरतात, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

पाणी, मीठ आणि मोजमाप

नळाच्या पाण्यातले फॉस्फेट, सिलिकेट आणि तांबे टाकीत साचत जातात. आरओ-डीआय संचातून (सूक्ष्म पडदा आणि आयन काढणारी राळ असलेल्या शुद्धीकरण संचातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असावे आणि ते दाखवणारा मीटर शेवटच्या टप्प्यानंतर बसवलेला असावा. मीठ नेहमी पाण्यात सोडावे, मिठावर पाणी ओतू नये. मिठावर पाणी ओतल्यास सुरुवातीच्या तीव्र द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि मग कॅल्शियम कमी का भरते याचा शोध सुरू होतो. लवणता दर हजारी ३५ आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावे. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वरही तो बरोबरच असेल, असे मानू नये. तो दर हजारी ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवावा.

खडक आणि पहिले तीन महिने

खडक थेट तळाच्या काचेवर किंवा पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर ठेवून मग वाळू ओतावी. आधी वाळू आणि वर खडक असा क्रम ठेवल्यास बिळे करणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालची वाळू उपसतात आणि खडकांचा डोलारा काचेवर कोसळतो.

जुन्या किंवा वापरलेल्या खडकाविषयी एक गंभीर सूचना द्यावी लागेल. त्यावरील जीव मारण्यासाठी तो उकळू नये. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असू शकते, आणि त्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात पोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. या काळात 'काटक' मासे सोडून चक्र सुरू करण्याची पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय अव्यवहार्यही आहे. बाटलीतला अमोनिया तेच काम करतो, आणि असे सोडलेले डॅमसेल मासे पुढे टाकीचे मालक होऊन बसतात. नायट्राइटच्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते माशांच्या शरीरात फारसे शिरत नाही. पाहायचे ते अमोनियाकडे.

त्यानंतर वाळूवर तपकिरी डायटमचा (एकपेशीय शेवाळाचा) थर येतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. खरी चूक पुढची आहे: शेवाळाच्या धास्तीने मालक फॉस्फेट शोषणारी माध्यमे, मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि उपाशी मासे यांच्या जोरावर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणतो. स्पर्धक जीवच उरले नाहीत की डायनोफ्लॅजेलेट माजतात, म्हणजे तपकिरी शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले धागे, जे दिवसा वाढतात आणि रात्री विरळ होतात. निर्जंतुक कोरड्या खडकावर उभारलेल्या टाक्यांत हा त्रास विशेष आढळतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांत भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असणे हे घाणीचे लक्षण नव्हे; प्रवाळांनाही तेवढे लागते.

मासे आणि प्रवाळ आणताना

विलगीकरण टाकी नसणे ही मोठ्या टाकीतली सर्वांत महाग चूक ठरते, कारण सहाशे लिटरच्या खडकाळ टाकीतून आजारी मासा पकडायचा म्हणजे सगळी रचना मोडावी लागते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी एकदा शिरला की तांब्याचे औषध टाकीत वापरता येत नाही. त्या औषधाने प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा नियम पाळावा लागतो. त्यापेक्षा प्रत्येक नवा मासा महिनाभर वेगळा ठेवणे सोपे. आक्रमक टँग मासे शेवटी सोडावेत आणि उघड्या टाकीवर जाळी असावी.

प्रवाळ थेट पूर्ण प्रकाशात ठेवू नयेत. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (प्रवाळांना उपयोगी प्रकाशाचे माप) पुरतात, अ‍ॅक्रोपोरासारख्या टणक प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. दोघांनाही नव्या दिव्याची सवय दोन-तीन आठवड्यांत लावावी. टणक प्रवाळ साइट्स (संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे त्यांची कायदेशीर कागदपत्रे विक्रेत्याकडे मागावीत.

बिघाड शोधताना

सगळी टाकी एकाच वेळी मलूल दिसत असेल, तर दोष पाण्यात आहे. एकाच कोपऱ्यातले प्रवाळ मिटले असतील, तर प्रवाह, प्रकाश किंवा शेजाऱ्याचे डंख मारणारे तंतू तपासावेत. मासे पृष्ठभागावर श्वास घेत असतील, तर आधी प्राणवायू वाढवावा आणि मग कारण शोधावे. तपासणीचा क्रम तापमान, लवणता, अल्कलिनिटी आणि त्यानंतर पोषकद्रव्ये असा ठेवावा, आणि अनपेक्षित आकडा आल्यास दुसऱ्या किटने पुन्हा मोजल्याशिवाय काहीही टाकू नये. एकाच दिवशी चार उपाय केल्यास टाकी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही.

सर्वाधिक प्रवाळ चुकीच्या आकड्यापेक्षा घाईने दुरुस्त केलेल्या आकड्याने मरतात, आणि त्यात अल्कलिनिटी अग्रस्थानी आहे. ती ७ ते ११ डीकेएचमध्ये (हे अल्कलिनिटीचे एकक) कुठेही चालते, मात्र रोज तिथेच राहिली पाहिजे. समजा ती ६.५ पर्यंत उतरली असून ८ वर न्यायची आहे. ७०० लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवण्यास सुमारे २१ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे एकूण ३१ ते ३२ ग्रॅम. तो तीन भागांत, शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवून, सम्पमधल्या जोरदार प्रवाहात सलग तीन दिवस सोडावा आणि रोज ठरलेल्या वेळीच मोजावे. चौथ्या दिवशी आकडा पुन्हा घसरला तर सोडा वाढवण्याआधी मॅग्नेशियम मोजावे. ते १२५० पीपीएमच्या बरेच खाली असेल, तर टाकलेली अल्कलिनिटी प्रवाळांच्या सांगाड्यात न जाता हीटरवर आणि पंपाच्या चक्रावर पांढरा थर होऊन बसत असण्याची शक्यता असते.