कमाल वजनाचा अंदाज काढताना या चुका टाळा

एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता येईल, म्हणजेच 'वन रेप मॅक्स' किती, याचा अंदाज घेण्यासाठी एप्ली आणि ब्रझिकी यांची सूत्रे सर्रास वापरली जातात. एप्लीच्या सूत्रात रेप्सना, म्हणजे सलग जितक्या वेळा वजन उचलले त्या संख्येला, ३० ने भागून त्यात १ मिळवतात आणि त्या संख्येने वजनाला गुणतात. ब्रझिकीच्या सूत्रात वजनाची ३६ पट करून तिला, ३७ मधून रेप्स वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने भागतात. अंदाज फसला की सूत्राला बोल लावला जातो, पण खोट बहुधा आपण निवडलेल्या सेटमध्येच, म्हणजे सलग केलेल्या रेप्सच्या फेरीतच, असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हलक्या वजनाच्या लांबलचक सेटवरून अंदाज काढणे. ८० किलोच्या ५ रेप्सवरून एप्ली सुमारे ९३ किलो सांगतो आणि ब्रझिकी ९०. म्हणजे फरक जेमतेम ३ किलोंचा. मात्र ६० किलोच्या २० रेप्स घातल्या, तर पहिले उत्तर १०० येते आणि दुसरे १२७! इतक्या लांब सेटमध्ये ताकदीपेक्षा स्नायूंची दमदारी आणि श्वास यांचीच कसोटी लागते, त्यामुळे ३ ते ५ रेप्सचा जड सेटच आधाराला घ्यावा. एकाच रेपवर मात्र एप्लीचे सूत्र लावू नये, कारण ते उचललेल्या वजनापेक्षा सुमारे ३ टक्के जास्त आकडा दाखवते.

दुसरी चूक सेट कुठे थांबवला याची. पुढची रेप निघणे शक्य नव्हते, हे दोन्ही सूत्रांत गृहीत धरलेले असते. ज्याने ८० किलोच्या ५ रेप्स करून बार ठेवला, पण ज्याच्यात आणखी ३ शिल्लक होत्या, त्याचा एप्लीनुसार अंदाज ९३ नव्हे तर १०१ किलो होतो. उलट बाजूने, अर्धवट बसून केलेला स्क्वॉट, बेंचवरून कंबर उचलून ढकललेला बार किंवा मागे उभ्या असलेल्या साथीदाराने हात लावलेली रेप मोजणे म्हणजे स्वतःचीच दिशाभूल आहे. असा सेट काढताना रॅकच्या सुरक्षा दांड्या योग्य उंचीवर हव्यातच. आणि रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये, कारण श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब झपाट्याने चढतो.

बारचे वजन विसरणे ही क्षुल्लक वाटणारी चूक सगळे गणित बिघडवते. पुरुषांचा ऑलिंपिक बार २० किलोंचा आणि महिलांचा १५ किलोंचा असतो, पण प्रत्येक व्यायामशाळेतील बार त्याच मापाचा असेल असे नाही. एकदा तो वजनकाट्यावर ठेवून पाहावा.

एका व्यायामाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभे राहण्याच्या व्यायामात, पाठ आणि पाय थकण्याआधी पकड सुटली, तर तो अंदाज पकडीचा असतो.

अंदाज १० टक्क्यांनी फुगलेला असेल, तर व्यायामाच्या कार्यक्रमात कमाल वजनाच्या ८५ टक्के म्हणून ठरवलेले वजन प्रत्यक्षात ९३ टक्क्यांहून अधिक होते आणि सेट अर्ध्यावर कोसळू लागतात. खऱ्या ८५ टक्क्यांवर साधारण ५ ते ६ रेप्स निघायला हव्यात. पुरेशी विश्रांती घेऊनही ३ वरच बार अडत असेल, तर जिद्दीने ओढत न बसता आधाराचा आकडा खाली आणावा आणि ताज्या दिवशी, इतर जड व्यायामांच्या आधी, नवा सेट काढावा.