मोठी देणगी मागताना आकडा बोला आणि थांबा

गणपतीला चाकरमानी गावी येतात, चहा होतो, गप्पा होतात, पण रक्कम सांगायची वेळ आली की संस्थेचा माणूस म्हणतो, "जमेल तेवढं द्या." मग लाखभर देऊ शकणारा माणूस हजाराची पावती घेऊन जातो. भीड चेपायला हे करून बघा, खरंच उपयोग होतो:

१. आरतीच्या गडबडीत विषय काढू नका. गौरी-विसर्जनानंतरची निवांत वेळ मागून घ्या.

२. एक वाक्य पाठ करा, आकड्यासकट: "काका, वाचनालयाच्या छपराचे वासे वाळवीने खाल्लेत. नवे वासे आणि कौलं यासाठी दीड लाख लागतात. तुम्ही द्याल का?" आदल्या दिवशी सहकाऱ्याला समोर बसवून ते दहा वेळा मोठ्याने म्हणा. दीड लाख म्हणताना आवाज खाली जातो, तो तिथेच सुधारतो.

३. विचारलंत की गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. शांतता असह्य होऊन आपणच "नाहीतर पन्नास हजार..." म्हणतो, तिथे घात होतो. त्यांना विचार करू द्या. "घरात विचारून सांगतो" म्हणाले, तर फोनचा दिवस लगेच ठरवा.

एक सांभाळा: दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. चेक किंवा बँकेतूनच घ्या.