तासाचा पाऊस जुळवताना आधी घड्याळ जुळवा

नागपूर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांचा तासागणिक पाऊस एका शीटमध्ये आणायचा असेल, तर मिलिमीटर नंतर बघा, आधी वेळ बघा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होतो, म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) 03:00. फरक साडेपाच तासांचा, आणि तो अर्धा तासच घोळ घालतो. यूटीसीचा तास आपल्याकडे साडेआठ ते साडेनऊ पडतो, भारतीय वेळेने तास मोजणाऱ्या दुसऱ्या केंद्रांच्या जाळ्याचा आठ ते नऊ. हे दोन आकडे शेजारी ठेवून काय तुलना करणार? 15 मिनिटांच्या नोंदी मिळत असतील तर त्यांवरून तास नव्याने बांधा.

काही केंद्रं साडेआठपासूनची साठत जाणारी बेरीज देतात. 2, 14, 14, 31 दिसलं तर तासाचा पाऊस 2, 12, 0, 17. साडेआठला बेरीज शून्यावर येते, तिथे वजाबाकी उणे निघाली तर घाबरू नका.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे, हे तर आलंच.

सोनेगाव कोरडं आणि कामठीत 40 मिमी, म्हणून लगेच खोडू नका. जुलैत असं होतंच. रडारवर ढग होता का ते पाहून शंकेची खूण करा, मूळ आकडा राहू द्या. मला जास्त संशय येतो तो आजूबाजूला धो-धो कोसळत असताना 0 दाखवणाऱ्या आणि पाऊस थांबल्यावर तासन्‌तास 0.5, 0.5 टपकवणाऱ्या केंद्राचा. तिथे बहुधा पर्जन्यमापकाच्या फनेलमध्ये पानं अडकलेली असतात, नाहीतर पक्ष्यांची विष्ठा.