जड फोर-बाय-फोरसाठी टायर, रिम आणि ब्रेक: आधी वजनकाटा

टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या, तीही पूर्ण भरून: टाकी फुल्ल, माणसं बसलेली, टपावरचं कॅरियर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोरखंडाचं यंत्र), पाण्याचे कॅन चढवलेले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. फॉर्च्युनरसारखी गाडी रिकामीच दोन टनांच्या वर भरते. लोखंडी बंपर आणि सामान चढलं की अडीच टन सहज ओलांडते. कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ओलांडली असेल तर आधी सामान उतरवा, टायर बदलून ती मर्यादा वाढत नाही.

समजा मागच्या अ‍ॅक्सलवर १,५६० किलो भरले. म्हणजे एका टायरवर ७८०. पण आडव्या उतारावर खालच्या बाजूच्या चाकावर याहून बराच जास्त भार येतो, म्हणून हाताशी भरपूर शिल्लक हवी. टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा आकडा म्हणजे लोड इंडेक्स: ११२ म्हणजे १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०. मूळ टायरपेक्षा कमी इंडेक्स घेऊ नका. एलटी (लाइट ट्रक) प्रकारच्या दहा प्लाय रेटिंगच्या, म्हणजे जास्त मजबूत बांधणीच्या टायरवर १२१, म्हणजे १,४५० किलो लिहिलेलं दिसतं. ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवेला. त्यात नेहमीची ३३ भरली तर क्षमता कितीतरी खाली येते आणि लांबच्या हायवेवर टायर तापतो. एलटी घेतलात तर हवेचं गणित नव्याने करावं लागतं.

माप वाढवायचं तर व्यास मोजा. मापात पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत टायरची उंची, शेवटचा रिमचे इंच. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिमी, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. मिळालं काय? जमिनीपासूनची उंची जेमतेम १३ मिमी. गेलं काय? स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि पेडलवर तेवढाच जोर देऊनही रस्त्यावर ब्रेकची पकड तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी. जड टायरचं फिरतं वजन रोखायला लागणारी ताकद वेगळीच.

सह्याद्रीतल्या फिरतीला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर पुरतो. काळ्या कातळाच्या धारेवर फाटते ती टायरची बाजू, म्हणून तीन थरांची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) असेल तर चार पैसे जास्त मोजा. मड-टेरेन, म्हणजे खोल खाचांचा चिखलाचा टायर, चिखलात उत्तम; ओल्या डांबरावर मात्र ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते, आणि आवाज तर विचारू नका. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

रिम मोठी घेण्याचा मोह टाळा. १७ इंची रिमवर रबराची उंची जास्त राहते, हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून दगडांवरून जाता येतं. त्याहून लहान घेताना मात्र कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) आत बसतो का ते प्रत्यक्ष लावूनच बघा. फॉर्च्युनरला सहा बोल्ट, १३९.७ मिमी पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) आणि १०६.१ मिमी सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) लागतो. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या पृष्ठभागाचं अंतर, ३० मिमीवरून शून्यावर नेला की चाक ३० मिमी बाहेर येतं: दिसायला रुबाबदार, पण बेअरिंग लवकर जातं आणि स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं. रिमच्या मागे ओतलेला कमाल भार वाचा; तो नसेल तर ती रिम घेऊच नका. नट शंकूचे की सपाट वॉशरचे, हे रिमनुसार ठरतं. चुकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. ८०-१०० किमीनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीने नट आवळायचा पाना) पुन्हा तपासा.

ब्रेकमध्ये पहिला खर्च तेलाचा करा. ब्रेक तेलाचे दर्जे डॉट क्रमांकाने ओळखतात. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण ओल शोषल्यावर डॉट ४ चा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. इकडच्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी बदलायचंच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. वरंधा घाट उतरताना पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर तेल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्ही वेळा गिअर खाली घ्या, सुरक्षित जागी थांबा आणि थंड होऊ द्या.

भरलेल्या गाडीला सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचं मिश्रण असलेले पॅड बरे. पॅडच्या कडेवर एफएफ किंवा जीजी असा कोड असतो: पहिलं अक्षर थंडपणीचं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ईई असेल तर परत ठेवा. भोकं पाडलेल्या डिस्क घेऊ नका, तापून भोकांपासून तडे जातात. साध्या चालतील, फार तर खाचांच्या. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६० किमीवरून १५ पर्यंत आणत आठ-दहा वेळा ब्रेक दाबा, मध्ये अर्धा मिनिट सोडा, पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवा.

चिखलातून आल्यावर कॅलिपर पाण्याने धुवा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना अडकल्यात. त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. सस्पेन्शन दोन इंच वर उचललं असेल तर जॅक लावून चाक पूर्ण लटकवा आणि ब्रेकचा रबरी होज (तेलाची नळी) ताणतो का ते बघा. ताणत असेल तर लांब होज घातल्याशिवाय गाडी काढू नका.

टायर पाच घ्या, चार नव्हे. फोर-बाय-फोर लावून डांबरावर चालताना कमी-जास्त व्यासाची चाकं ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताण आणतात, म्हणून स्टेपनीही त्याच मापाची हवी. पैसे देण्याआधी पाचवा टायर गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत मावतो का, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर पुढचे टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला घासतात का, हे दुकानातच करून बघा.