तुटलेलं नख ओढू नका

एक बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरून कुणी माझ्या दारात उभं राहिलं, की मी आधी खुर्ची पुढे करते आणि विचारते, "ओढलंस का?" चोपड्याला घराच्या पुढच्या खोलीत मी सतरा वर्षांपासून पार्लर चालवते. या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, "थोडंसंच." त्या थोडंसंमध्येच नखाचं खरं नुकसान झालेलं असतं. अर्धवट तुटलेलं नख ओढलं की चीर सरळ जात नाही, ती जिव्हाळीकडे वळते आणि दोन दिवसांचं दुखणं दोन महिन्यांचं होतं.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गल्लीतलीच एक मुलगी आली. "ताई, मनं नख तुटी गयं." दुसऱ्या दिवशी साखरपुडा, आणि गेलं ते नेमकं अंगठीच्या बोटाचं. कपाटाच्या कडीत अडकून नखाला बाजूने चीर पडलेली, नखाच्या अर्ध्यावर, मांसाला चिकटलेल्या भागावर. रक्त नव्हतं, पण फुंकर मारली तरी झोंबत होतं. शहाणपण एवढंच केलं होतं तिने, की घरून निघताना बोटाला चिकटपट्टी गुंडाळली होती. तुम्हीही आधी तेच करा. नख केसात, ओढणीत, गादीच्या चादरीत पुन्हा अडकलं नाही पाहिजे.

तिचं नख मी चहाच्या पिशवीने सांधलं. डिप चहाची कोरी पिशवी घ्यायची, आतली पूड काढून टाकायची. तो कागद पातळ असतो पण त्यात तंतू असतात, म्हणून तो ओढ सहन करतो. आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे आणि दहा मिनिटं तसेच ठेवायचे, कारण चिरेत ओल राहिली तर ती आत कोंडली जाते. नखावर तेल किंवा क्रीम असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरचा एक हात फिरवायचा. मग चिरेपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा मोठा असा कागदाचा तुकडा कापायचा. नखाच्या गोंदाचा एक थेंब चिरेवर, त्यावर चिमट्याने कागद बसवायचा, आणि नखांसाठी मिळणाऱ्या संत्र्याच्या लाकडाच्या काडीने दाबून खालची हवा काढायची. बोटाने दाबलं तर बोटच चिकटतं. वाळलं की वरून गोंदाचा आणखी एक पातळ थर. तोही वाळला की बफरने, म्हणजे नख गुळगुळीत करायच्या मऊ घासणीने, हलकेच कडा सपाट करायच्या आणि वर पारदर्शक नेलपॉलिश लावायची. मी त्यावर गुलाबी रंग दिला. साखरपुड्याच्या फोटोत कुठलं बोट ते तिच्या आईलाही ओळखता आलं नाही.

गोंद त्वचेवर सांडला तर कातडी ओढून सोडवू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बोट धरा आणि हळूहळू चोळत सोडवा.

इथे एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे, कारण आपल्या भागात कापूस प्रत्येक घरात असतो. या गोंदाबरोबर कापूस कधीही वापरायचा नाही. पार्लर सुरू केलं त्या वर्षी माझं स्वतःचं नख चिरलं होतं. घरात चहाच्या पिशव्या नव्हत्या, म्हणून मी कापसाचा पातळ पापुद्रा ठेवला आणि वर गोंद टाकला. दोन-तीन सेकंदांत बोट पोळलं आणि धूर निघाला. मी हात थेट माठात घातला. झटपट चिकटणारे हे गोंद सायनोॲक्रिलेट नावाच्या रसायनाचे असतात. कापसावर पडल्यावर ते एकदम आवळतात आणि त्यातून मोठी उष्णता निघते. घरात वस्तू चिकटवायला जी छोटी ट्यूब असते तीही याच जातीची. म्हणून सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्याने पुसू नका आणि सुती कपड्यावर पडू देऊ नका. आणि नखाला नखाचाच गोंद आणा.

रक्त आलं असेल किंवा खालचं लाल मांस उघडं पडलं असेल, तर गोंदाचं नावच काढायचं नाही. वाहत्या पाण्याखाली बोट धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा आणि मध्येमध्ये उघडून बघू नका. लोंबणारा तुकडा मोकळा असेल तेवढाच छोट्या कात्रीने कापा, मांसाला धरून असलेला भाग तिथेच राहू द्या. तो खालच्या नाजूक कातडीचं झाकण आहे. वर व्हॅसलिन लावून पट्टी बांधा, म्हणजे पट्टी काढताना जखम ओढली जात नाही. शेतात, गोठ्यात किंवा गंजलेल्या पत्र्याने लागलं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

आता नख मुळात तुटतं का, ते बघू. बायका मला म्हणतात, "ताई, नखं कडक व्हायला काहीतरी दे." मी म्हणते, कडक कशाला हवीत? वाळलेली तुरीची काडी कडक असते, ती कट्टकन मोडते. ओली काडी वाकते आणि परत सरळ होते. नख चिवट हवं. बाजारात नखं कडक करण्याच्या बाटल्या मिळतात, त्यातल्या काहींमध्ये फॉर्मालिनच्या जातीचं रसायन असतं. पहिले काही आठवडे नख टणक लागतं, पण लावतच राहिलं तर ते ठिसूळ होतं. अशी बाटली मी माझ्या कपाटात ठेवत नाही.

नखाचा सगळ्यात मोठा वैरी पाणी आहे. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे पापुद्रे, एकावर एक घट्ट बसलेले. पाण्यात ते फुगतात, वाळले की आवळतात. सकाळी भांडी, मग धुणं, मग फरशी, मग भाजी धुणं, दुपारी परत भांडी. दिवसातून पंधरा वेळा नख फुगतं आणि पंधरा वेळा सुकतं. पावसाळ्यात फुगलेलं आणि उन्हाळ्यात आक्रसलेलं दार जसं चौकटीतून सैल होतं, तसे हे पापुद्रे टोकाकडून सुटायला लागतात. त्यात मे महिन्यातलं आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, कूलरचा वारा आणि धुण्याची पावडर. नखाचं टोक सालपटासारखं निघत असेल तर दोष बहुतेक वेळा या ओल्या-कोरड्या खेळाचा असतो.

उपाय महाग नाही. भांड्यांना रबरी हातमोजे घाला, आणि घाम येतो म्हणून आत सुती हातमोजे घाला, नाहीतर मोज्याच्या आतच नखं भिजत राहतात. मोजे जमत नसतील तर भांडी आणि धुणं एकामागोमाग उरका, म्हणजे हात एकदाच भिजतील. हात पुसताना बोटांची टोकंही पुसा. आणि रात्री झोपताना, ओलसर हातावरच, प्रत्येक नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब चोळा आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. मी तिळाचं तेल वापरते, खोबरेल चालतं. तेल नखाला खाऊ घालत नाही, नख तर मेलेल्या पेशींचं असतं. ते फक्त आतली ओल धरून ठेवतं आणि मुळाजवळची कातडी मऊ राखतं.

ती मुळाजवळची पातळ कातडी, क्युटिकल, कापू नका. तिथे नखाची फट बंद करणारी ती खळ आहे. ती कापली की पाणी आणि जंतू आत जातात आणि नखुरडं होतं. माझ्याकडे मॅनिक्युअरला आलेल्या कुणीही आग्रह केला तरी मी कापत नाही, कोमट पाण्याने मऊ करून मागे सारते. नखाच्या कडेला साल सुटली असेल तर ती दाताने ओढायची नाही, कात्रीने मुळाशी छाटायची.

नखं घासून आकार देण्याबद्दल थोडं. पत्र्याची फाइल फेकून द्या. नैसर्गिक नखाला बारीक, २४० नंबरची फाइल किंवा काचेची फाइल घ्या. १०० नंबरची खरखरीत फाइल नकली नखांसाठी असते. करवतीसारखं मागेपुढे करू नका, कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने या. नख ओलं असताना घासू नका. आणि बाजूच्या कडा खोल आत कोरून टोक बदामासारखं करायचा मोह टाळा, कारण नखाला आधार त्या बाजूंचाच असतो. टोक किंचित गोल आणि बोटाच्या शेंड्याइतकं ठेवलं तर कामाच्या हाताला पुरतं.

माझी आई कापूस वेचायची. दिवाळीनंतर तिच्या नखांच्या कडा वाळल्या बोंडाच्या टोकांनी फाटलेल्या असायच्या. ती वेचणीला निघण्याआधी दोन्ही हातांच्या पहिल्या तीन बोटांना सुती चिंधी गुंडाळायची आणि नखं अगदी आखूड ठेवायची. वेचणीच्या दिवसांत आजही यापेक्षा चांगला सल्ला माझ्याकडे नाही. केळीच्या चिकाचं मात्र वेगळं आहे. रावेर-यावलकडून येणाऱ्या बायकांची नखं चिकाने काळपट झालेली असतात आणि त्या लिंबू, सोडा, घासणी यांनी खरडतात. तो डाग वरवरचा असतो, नखाबरोबर वाढून निघून जातो. घासणीने मात्र नख पातळ होतं. केळी कापायला जाण्याआधी नखांना तेल लावलं तर चीक कमी धरतो.

लग्नसराईत पुण्या-मुंबईहून माहेरी आलेल्या मुलींची जेल पॉलिश पंधरा दिवसांत टोकाशी सुटते आणि गप्पा मारता मारता त्या ती नखाने सोलून काढतात. जेलबरोबर नखाचा वरचा थरही निघतो. मग खाली खडबडीत, पांढुरकं, कागदासारखं नख राहतं. ॲसिटोन रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मऊ झालेली जेल काडीने सारा. नंतर हात धुवून तेल. आणि डबा उघडणं, स्टिकर खरवडणं, चपटी कडी ओढणं यासाठी नख वापरू नका, चमच्याचं टोक घ्या.

खाण्याचं म्हणाल, तर नख प्रथिनांचं बनतं. आपली कळण्याची भाकरी, उडीद आणि ज्वारी दोन्ही असलेली, वर शेंगदाण्याची चटणी, मठ, मेथी, खात असाल तर अंडं. एवढं रोज पोटात गेलं तर नखासाठी वेगळं काही लागत नाही. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी झाल्याचे नसतात, ते बहुधा मुळाशी बसलेल्या माराचे असतात आणि वाढून निघून जातात. पण नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल, म्हणजे त्यावर पाण्याचा थेंब तसाच थांबत असेल, तर रक्त तपासा. शरीरात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. अशा तीन-चार बायकांना मी मॅनिक्युअर न करता दवाखान्यात पाठवलं आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं, लिंबू पिळलं तर जास्त, हे मी प्रत्येकीला सांगते.

नखं-केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुणी घेत असाल तर रक्त तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. थायरॉइड आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकीचे येतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

काही नखं माझ्याकडे आणूच नका. नखाखाली नवी काळी-तपकिरी उभी रेघ आली आणि ती रुंद होत असेल, नख हिरवट दिसत असेल, पिवळं जाड होऊन चुरा पडत असेल, मुळाशी पू आणि ठणका असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या नखाची साधी जखमही अंगावर काढू नये.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याला बारा ते अठरा. म्हणून सांधलेल्या नखाला धीर धरावा लागतो. त्या साखरपुड्याच्या मुलीला मी दर आठ-दहा दिवसांनी बोलावत होते. कागद कडेने सुटला की जुना थर हलकेच घासून नवा तुकडा बसवायचा आणि वाढलेलं टोक छाटायचं. दर वेळी चीर थोडी पुढे सरकलेली असायची. आषाढ लागला तेव्हा ती टोकाच्या मोकळ्या भागात आली होती. मी नेलकटर घेतलं आणि कागदासकट ती कापून टाकली. मुलीने बोट उजेडात धरलं, अंगठी फिरवली आणि माझ्या टेबलावरून तो कापलेला तुकडा उचलून कितीतरी वेळ बघत बसली.